मैत्रीण येतेय, सोलापुरात दाखवू काय?

प्रश्न : मी मूळची सोलापूरची, लग्नानंतरही इथंच आहे. नाशिकला शिकताना वसतिगृहात एक जिवाभावाची मैत्रीण मिळाली. ती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस पहिल्यांदाच माझ्याकडे येतेय. तिला दोन गोष्टींचं वेड : संग्रहालयं बघणं आणि डोंगर चढणं. मी नाशिकला गेले की ती मला ब्रह्मगिरी, पांडवलेणी, अंजनेरीचं नाण्यांचं संग्रहालय असं हौसेनं फिरवते. आपल्याकडे ना डोंगर, ना मोठं संग्रहालय. 'आमच्याकडे बघण्यासारखं काही नाही गं', असं मी तिला सांगूनही टाकलंय. यजमान म्हणतात, गाडी करू आणि दोन दिवसांत तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर उरकून टाकू. सासूबाईंनाही बरोबर यायचंय. मुलगी नववीत आहे. माझे वडील गिरणीत होते, त्यामुळं जुनं सोलापूर मला थोडंफार ठाऊक आहे, पण ते कुणाला दाखवण्यासारखं आहे का? आणि एक, सगळा खर्च तीच करणार म्हणते. करू द्यावा का?
— एक सोलापूरकर

उत्तर :

प्रिय ताई,

पहिलं काम आजच संध्याकाळी करा. मैत्रिणीला फोन लावा आणि 'आमच्याकडे काही नाही' हे वाक्य मागं घ्या. पाहुणीनं स्टेशनावर पाऊल ठेवायच्या आधीच यजमानीण गावाला नापास करून मोकळी झाली, तर पाहुणीही त्याच नजरेनं बघायला लागते. आपण सोलापूरकर हे फार सहज करतो. पुण्या-मुंबईचं कुणी आलं की ऊन, धूळ आणि पाण्याच्या पाळ्या यांची माफी आपणच आधी मागतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या गावावर आपण जीव टाकतो, त्याच्याबद्दल आपल्याच तोंडून पहिलं वाक्य असं का निघावं?

दुसरं, नाशिकशी बरोबरी करायला जाऊ नका. ब्रह्मगिरी तिच्या उशाला आहे. डोंगर चढण्यासाठी तिला सोलापूरपर्यंत यायची गरज नाही. आपल्याकडे चालायचं ते माळावर, सपाट आणि उजाडताना. इथं उंचीपेक्षा वेळ महत्त्वाची. सकाळी साडेसहाला जो माळ हरणांनी आणि चंडोलांनी भरलेला असतो, तोच साडेदहाला रिकामा दिसतो आणि माणूस म्हणतो, 'इथं काय आहे?' डिसेंबरची थंडी ही आपली सगळ्यांत चांगली ऋतुवेळ आहे. ती मे महिन्यात आली असती तर मी तुम्हाला वेगळंच पत्र लिहिलं असतं.

म्हणून एक सकाळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याची. बार्शी रस्त्यानं शहरापासून साधारण वीस किलोमीटर. पावणेसहाला घर सोडा, म्हणजे दिवस उगवताना तुम्ही माळावर असाल. वनखात्याच्या चौकीवर नोंद करा, परवानगी आणि वाटाड्या घ्या, आणि ते सांगतील त्याच वाटेनं चाला. कपडे मातकट रंगाचे, पायात मोजे आणि बूट. कुसळी गवत मोज्यात शिरलं की दिवसभर टोचत राहतं, तेव्हा मोज्यांची एक जोडी जास्तीची ठेवा. नववीतल्या लेकीलाही उठवून न्या. सुट्टीचा वार नसेल तर एक दिवस शाळा बुडाली तरी चालेल, असं मी बिनधास्त सांगते.

माळढोकाबद्दल मात्र मैत्रिणीला आधीच खरं काय ते सांगा. हे अभयारण्य १९७९ साली याच पक्ष्यासाठी झालं. तेव्हा त्याचं क्षेत्र जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, शेतं, वस्त्या सगळं त्या रेघेच्या आत आलं होतं. लोकांना स्वतःच्या जमिनीचे व्यवहार करणंही अवघड होऊन बसलं आणि पक्ष्यावरचा राग वाढला. पुढं ते क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळ फुटून शेतं झाली होती, उसाला पाणी पोचलं होतं, विजेच्या तारा जागोजागी आल्या होत्या. माळढोकाचा नर पंधरा किलोपर्यंत भरतो. एवढ्या वजनाचा पक्षी उडताना चटकन वळू शकत नाही, आणि त्याचे डोळे बाजूला असल्यानं समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्रं, कोल्हा, गुराचा पाय, कशानंही ते जातं. आज नान्नजला माळढोक दिसणं ही फार म्हणजे फार दुर्मीळ गोष्ट आहे. 'दाखवते' असं वचन देऊ नका. ही सगळी हकिकत तिला माळावर उभं राहून सांगा. ज्या पक्ष्याच्या नावानं हा माळ ओळखला जातो तो आता तिथं जवळजवळ नाही, हे कळल्यावर ती त्या गवताकडे वेगळ्या नजरेनं बघेल.

आणि जे दिसतं तेही थोडं नाही. काळविटांचे कळप हमखास दिसतात. पिळाच्या शिंगांचा काळा नर आणि भोवती फिक्या बदामी रंगाच्या माद्या. हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले भोवत्या ससाणे गवताला घासून जावं इतक्या खालून उडत असतात. धाविक पक्षी दोन पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. नशीब जोरावर असेल तर लांडगाही दिसतो. डोंगर चढणाऱ्या माणसाला वर बघायची सवय असते. इथं नजर जमिनीलगत दूरवर टाकावी लागते. पहिला अर्धा तास तिला काही दिसणार नाही. तुम्ही गप्प राहा, दिसायला लागेल.

डब्यात धपाटे, शेंगाचटणी, दही. चौकीपाशी परत आल्यावर खा, माळावर नको, आणि कागदाचा कपटाही मागं सोडू नका. येताना बोरं मिळतील. ओळखीच्या कुणाचं शेत त्या बाजूला असेल तर हुरड्याचं विचारून ठेवा. डिसेंबरच्या मध्याला ज्वारी कुठं हुरड्यात आलेली असते, कुठं नाही. पेरा कधी झाला त्यावर ते ठरतं. दुपारी मात्र घरी येऊन झोपा. चार दिवसांत एकही दुपार मोकळी न ठेवणारे यजमान पाहुण्याला दमवून परत पाठवतात. संध्याकाळी वाटलंच तर हिप्परग्याच्या तलावावर जा. हिवाळ्यात तिथं पाणपक्षी असतात आणि बांधावरून सूर्यास्त छान दिसतो.

आता शहर. सुरुवात भैया चौकातल्या डॉ. कोटणीस स्मारकापासून करा. ही माझी शिफारस म्हणा, आग्रह म्हणा. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले, आणि त्यांच्याच घराचं महापालिकेनं स्मारक केलं आहे. १९३८ साली सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष असताना जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस तिथंच राहिले, चिनी भाषा शिकले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले, पुढं कॅनेडियन शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं, मुलगा झाला, आणि मूल काही महिन्यांचं असतानाच ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय ३२. चीनमध्ये आजही त्यांचं नाव मोठ्या आदरानं घेतात.

स्मारक मोठं नाही. छायाचित्रं आहेत, माहितीचे फलक आहेत. मोठमोठी दालनं पाहिलेल्या माणसाला ते वीस मिनिटांत संपल्यासारखं वाटेल. पण ही वस्तू कुठून तरी आणून काचेत ठेवलेली नाही. हे त्याच मुलाचं घर आहे, याच दारातून तो बाहेर पडला. त्या खोल्यांत थोडं रेंगाळा. मैत्रीण दुसऱ्या आठवड्यात येतेय म्हणता, तर स्मृतिदिन तुमच्या दिवसांत येतो का तेही पाहा.

तिथून रिक्षानं किल्ल्यावर. भुईकोट, बहमनी काळातला, दुहेरी तट आणि खंदक. आत जुन्या मंदिराचे अवशेष आहेत, आणि तटाच्या भिंतींत मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले दिसतात. ते शोधण्यात तिचा तास सहज जाईल. १८१८ च्या मे महिन्यात याच किल्ल्यापाशी पेशव्यांची फौज हरली आणि सोलापूर इंग्रजांकडे गेलं. तटावरून खाली सिद्धेश्वर तलाव आणि पाण्यातलं मंदिर दिसतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी शिष्यांना हाताशी धरून हा तलाव खोदला, अशी परंपरा सांगते. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेचं, नंदीध्वजांच्या मिरवणुकीचं वर्णन तिथंच करा. पुढच्या खेपेचं आमंत्रण आपोआप दिलं जाईल.

आणि मग तुमच्या वडिलांचं सोलापूर. तुम्ही विचारलंत, ते दाखवण्यासारखं आहे का. ताई, तुमच्या पत्रातला सगळ्यांत मोलाचा भाग मला तोच वाटला. पार्क चौकाजवळच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी तिला न्या. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली, गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमल उरलाच नाही, आणि मग सरकारनं इथं मार्शल लॉ पुकारला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. ही नावं बाहेरगावच्या माणसाला बहुधा माहीत नसतात. चारही नावं एकदा सलग म्हणून बघा, या गावात कोणकोण एकत्र राहत आलं ते त्यातच ऐकू येतं.

त्यानंतर वडील ज्या गिरणीत जात त्या बाजूच्या रस्त्यानं चाला. भोंगा किती वाजता व्हायचा, डबा कोण पोचवायचं, पगाराच्या दिवशी घरात काय यायचं, गिरणी बंद पडल्यावर वाड्यातल्या लोकांनी काय केलं, हे सांगणारी व्यक्ती तिला दुसरीकडे भेटणार नाही. त्याला तिकीट नाही आणि फलकही नाही, म्हणून ते कमी होत नाही. पूर्व भागात ओळख असेल तर एखाद्या कारखान्यात चादरीचा माग चालू असताना दाखवा. आधी विचारून जा, मालकांच्या कामाच्या वेळा असतात. जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर, नक्षी कशी उतरते ते एकदा पाहिलं की दुकानात चादर निवडताना हात वेगळा फिरतो. तिथल्या पद्मशाली घरांत तेलुगू, बाहेर मराठी, पलीकडच्या पेठेत कन्नड. नाशिकच्या माणसाला याचं अप्रूप वाटेल. रात्री पार्क चौपाटी.

यजमानांच्या चार क्षेत्रांबद्दल. दोन दिवसांत चार ठिकाणं केली तर तुमची मैत्रीण गाडीची खिडकी आणि दर्शनबारी एवढंच बघून परत जाईल. देवदर्शनाला माझा विरोध मुळीच नाही, पण उरकायचं म्हणून कशाला? एक मार्ग सुचवते, त्यात सासूबाईंचाही मान राहतो. एक पूर्ण दिवस उत्तरेकडे ठेवा. सोलापूर, तुळजापूर, धाराशिव, येडशी, तेर. सकाळी लवकर आईचं दर्शन घ्या. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा, म्हणजे रांगेत दिवस जाणार नाही. मग येडशीजवळचं रामलिंग. बालाघाटाच्या कुशीतलं हे अभयारण्य साधारण २२ चौरस किलोमीटरचं, झाडी पानझडीची, आणि मंदिर दरीत पायऱ्या उतरून. जटायू इथं पडला अशी श्रद्धा आहे. डिसेंबरात धबधबा नसेल, पण दरीतून चालायला हवा उत्तम असते. तुमच्या मैत्रिणीचे पाय इथं मोकळे होतील. सासूबाईंना पायऱ्या झेपणार नसतील तर त्या वर झाडाखाली बसतील. त्यांच्याजवळ कुणीतरी थांबा. माकडांपासून पिशव्या सांभाळा.

आणि तेर. संग्रहालयांची आवड असलेल्या माणसानं सोलापूरपर्यंत यावं आणि तेर न बघता जावं, हे मला पटणार नाही. पांडवलेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख तिनं तुम्हाला दाखवलाच असेल. त्याच सातवाहनांच्या काळात तेर, म्हणजे तेव्हाचं तगर, भरभराटीचं व्यापारी नगर होतं. पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर त्याचं नाव येतं, आणि इथला माल बैलगाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. या गावात नांगर फिरवला, पाया खणला, पावसानं पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती वाहून गेली की काही ना काही वर येई. मणी, नाणी, मृण्मूर्ती, शंखाच्या बांगड्या. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी ते वर्षानुवर्षं जपून गोळा केलं. पुढं तो संग्रह शासनाकडे आला आणि त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय उभं राहिलं. एका गावकऱ्यानं स्वतःच्या गावाची माती इतक्या गांभीर्यानं घ्यावी, याचं मला दरवेळी भरून येतं. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती नीट थांबून बघा. इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचं नातं अभ्यासक जोडतात. उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकटही चुकवू नका. गावात त्रिविक्रमाचं मंदिर आहे, मागून अर्धगोलाकार, विटांचं. मुळात तो बौद्ध चैत्य असावा असं मानतात. पांडवलेण्याचा चैत्य पाहिलेल्या बाईला तो आकार सांगावा लागणार नाही. शेवटी गोरोबाकाकांची समाधी. सासूबाई तेवढ्यासाठीही खूश होतील.

सरकारी संग्रहालयांना आठवड्याची सुट्टी असते, मधूनच कामंही निघतात. निघायच्या आदल्या दिवशी तेरला आणि कोटणीस स्मारकालाही फोन करून उघडं आहे ना ते विचारा. दार बंद बघून परत येण्याइतका हिरमोड दुसरा नाही.

चौथा दिवस अर्धाच वापरा आणि हत्तरसंग कुडलला जा. दक्षिण सोलापूर तालुक्यात, चाळीसेक किलोमीटरवर, भीमा आणि सीनेचा संगम. संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा लेख आहे, मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक. बरोबर चांगली बॅटरी घ्या आणि उजेड समोरून न टाकता बाजूनं टाका, अक्षरं उठून दिसतात. शेजारी हरिहरेश्वराच्या मंदिराचे अवशेष आणि १९९९ मध्ये मातीखालून निघालेलं, साडेतीनशेहून अधिक मुखं कोरलेलं शिवलिंग. तिथून नदीकाठानं चालत राहा. घाईनं परतू नका.

नळदुर्ग, मचणूर, विजापूरचा गोल घुमट, अक्कलकोटच्या राजवाड्यातलं शस्त्रागार, हे सगळं उत्तम आहे आणि सगळं पुढच्या वेळी. त्यातला नळदुर्ग पावसाळ्यासाठीच राखून ठेवा. बोरी नदी भरून वाहते तेव्हा पाणी महालावरून पडणारे नर-मादी धबधबे बघण्यासाठी मुद्दाम पुन्हा यावं. लेकीला तिच्या आवडीचं काही हवं असेल तर केगावकडचं विज्ञान केंद्र जवळ आहे.

खर्चाचं सोपं आहे. सगळा करू देऊ नका आणि सगळा अडवूही नका. तेरच्या दिवसाचं पेट्रोल तिला भरू द्या. नाशिकला ती तुमच्यासाठी करते तेव्हा तुम्हाला जे अवघडल्यासारखं होतं, ते तिलाही होतं. चादर मात्र तुमच्याकडून, आणि ती आदल्या रात्री घाईत नको. मागावर जाऊन आलात की त्याच दिवशी, तिनं स्वतः हात लावून निवडलेली.